टेपावर मी गेलेच नव्हते

आधी माझ्याबद्दल सांगते, म्हणजे पुढचं वाचताना गैरसमज नको. मी अमावस्येला नखं कापते. मांजर आडवं गेलं तर त्याला लस दिलीय का, एवढंच माझ्या मनात येतं. गाभण म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घातलेली बाई मी... भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मला जांभया यायच्या. इथे लोक लिहितात ते अनुभवसुद्धा मी नवऱ्याला वाचून दाखवून हसायचे. आता हसत नाही. पण खरं सांगू? मला त्या प्रकाराची भीती वाटत नाही. लाज वाटते.

राहायला मी वरवे बुद्रुकला. जनावरांच्या उपचारातला दोन वर्षांचा डिप्लोमा झालाय, आणि नोकरी भोरला, कुत्र्यामांजरांच्या एका खासगी दवाखान्यात, डॉक्टरांच्या हाताखाली. काम चांगलंय, पण शिकले गाई-म्हशींसाठी आणि दिवसभर करायचं काय, तर पॉमेरियनची नखं कापायची! सरकारी भरतीसाठी मला गुरांच्या कामाचा अनुभव दाखवायचा होता. त्यात गेल्या दिवाळीनंतर वेल्हे भागातल्या एका जनावरांच्या दवाखान्यातल्या मदतनिसाचा पाय मोडला. तिथल्या सरकारी डॉक्टरसाहेबांना दोन महिने बदली माणूस हवा होता, आणि शेवटी अनुभवाचा दाखला मिळणार होता. सोमवारी माझी सुट्टी असते, तो दिवस तिकडे द्यायचा ठरला. भोरच्या डॉक्टरांना मी यातलं काही सांगितलं नाही. दोन दगडांवर पाय ठेवू नये असं आई म्हणते, माणूस पडतो. मी पडले नाही, तेच वाईट झालं.

तेव्हा लंपीच्या, म्हणजे गुरांच्या अंगावर गाठी आणणाऱ्या साथीच्या, लसीकरणाची घाई चालू होती. बर्फाच्या डब्यात लस, खिशात यादी, स्कूटीवरून एकेक वाडी. मानेच्या कातडीखाली सुई द्यायची आणि लगेच खूण करायची, नाहीतर त्याच गाईला दोनदा टोचलं जातं. बाकीचे लोक खडूचा फराटा ओढतात, तो दोन दिवसांत पुसतो. मी डाव्या शिंगाच्या टोकाला नेलपॉलिश लावायचे. चॉकलेटी रंगाची बाटली होती, लग्नात आलेली, मला अजिबात न शोभणारी. गुरांना मात्र फार शोभायची. साहेब मला चिडवायचे, ‘ब्यूटी पार्लर आलं बघा!’

त्या सोमवारी पाली गाव आणि आसपासचं सगळं उरकलं. राहिली फक्त टेपावरची वस्ती. राजगडाच्या अंगाला, डांबरी रस्ता सोडून पाऊण तास चढायचं. सात घरं, यादीत एकोणीस जनावरं. मी झाडाखाली स्कूटी लावली, डबा खांद्याला अडकवला आणि फोन वाजला. भोरचे डॉक्टर. म्हणाले, ‘एक लॅब्राडोर आलाय, मोजा गिळलाय. चारला ऑपरेशन घेतोय. सुट्टी असली तरी ये, दुसरं कुणी नाहीये.’

सव्वादोन वाजले होते. वर जाऊन येणं म्हणजे संध्याकाळ. ‘मी वेल्ह्याकडे आहे’ एवढं वाक्य बोलले असते तर काय झालं असतं? डॉक्टर ओरडले असते, बस. पण मी म्हटलं, ‘घरीच आहे सर, निघाले.’ मग त्याच झाडाखाली स्कूटीच्या सीटवर यादी ठेवली आणि एकोणिसांच्या पुढे बरोबरच्या खुणा केल्या. एकोणीस! पेन नीट उठत नव्हतं तर झटकून झटकून केल्या. मनात म्हटलं, पुढच्या सोमवारी जाऊन टोचू, कुणाला कळणारे?

पुढचा सोमवार साहेबांनी दुसऱ्या गावाला लावला. त्याच्या पुढचा माझ्या नणंदेच्या घरच्या कार्यक्रमात गेला. टेपासाठीची लसीची कुपी सील न फोडता घरच्या फ्रीजमध्ये, लोणच्याच्या बरणीमागे पडून होती. त्या दिवशी डब्यातला बर्फ भोरला पोचेपर्यंत वितळला होता, म्हणजे ती लस कामाची नव्हतीच. पण टाकवतही नव्हती.

मग बातमी आली, पलीकडच्या खोऱ्यात लंपी शिरलाय, दोन बैल गेले. माझ्या खुणांमुळे टेपाची गुरं लसीवाचून राहिली होती. साहेबांच्या लेखी तिथली गुरं सुरक्षित, म्हणजे दुसरं कुणी वर जाणारच नव्हतं. सोमवारची वाटही पाहिली नाही. आजारी आहे म्हणून भोरला रजा टाकली, ‘कुठं वासरं राहिली असतील तर बघते’ असं साहेबांना सांगून नवी कुपी घेतली आणि गेले. चढताना एकच घोकत होते, एखाद्या गाईच्या अंगावर गाठी दिसल्या तर काय बोलायचं.

पहिलंच घर येसाबाईंचं. सत्तरीच्या, ताठ कण्याच्या. मी त्यांना जन्मात पाहिलं नव्हतं. त्या मला बघून हसत अंगणात आल्या.

‘या, डॉक्टरीणबाई! बोलल्यावानी आलात बगा.’

मला वाटलं, मदतनिसाची बायको वगैरे कुणी समजतायत. मी म्हटलं, ‘मावशी, लस द्यायला आलेय.’

‘व्हय की, राहिलेल्या कालवडीला. त्या दिशी तिला ताप व्हता, तवा तुमीच म्हणलात, आजारी जनावराला सुई नगं, पुढच्या खेपंला येते. ती बगा, आता कशी उड्या मारतीया.’

‘आणि... बाकीच्यांना?’

‘बाकीची अठरा टोचली न्हवं तुमी! भूल पडली का काय?’

मी गोठ्यात गेले. एकेका गाईची मान चाचपली. सुईच्या जागी बारीक गाठ उरते कधी कधी, ती दोघींच्या मानेला लागली. आणि प्रत्येकीच्या डाव्या शिंगाच्या टोकाला चॉकलेटी नेलपॉलिश.

मी तिथेच वैरणीच्या भाऱ्यावर बसले.

‘मावशी, किती वाजता आले होते मी?’

‘चार वाजले आसतील. उनं कलली व्हती. एकट्याच आलात, घामाघूम. म्या म्हणलं, च्या ठिवते, तर घोटभर पाणीसुदिक घेतलं न्हाई. हात जोडून म्हणलात, मावशी, उशीर झाला, माजं चुकलं. म्या म्हणलं, अवो उशीर कसला, आलात हेच लई झालं.’

चार वाजता मी भोरला होते. नंतर मी दवाखान्याच्या कॅमेऱ्यात स्वतः बघितलं. चार वाजून पाच मिनिटं, त्या लॅब्राडोरचा पाय धरून उभी असलेली मी, हिरवा एप्रन घातलेली. नेलपॉलिशची बाटली? ती त्या दिवशीही माझ्याच पर्समध्ये होती. साहेबांना आडून आडून विचारलं, त्यांनी दुसऱ्या कुणाला पाठवलं नव्हतं.

कालवडीला सुई दिली, शिंगाच्या कोंबाला नेलपॉलिश लावलं. शेजारीच तिची आई बांधलेली, कपिली. दोघींची शिंगं मी जवळजवळ धरून पाहिली. रंग तोच, एवढा तंतोतंत की मला पुढे बघवेना. आणि मी कपिलीच्या मानेवरून हात फिरवायला गेले तर ती फुरफुरली, दावं ताणून मागं सरली. डोळे मोठ्ठे केलेले. येसाबाईंना नवल वाटलं.

‘हिला काय झालं आज? त्या दिशी तुमच्या खांद्यावर मान टाकून उभी व्हती की ही. दुसऱ्या कुणाला कधी जवळ येऊ देत न्हाई.’

तेव्हा मात्र राहवलं नाही. अठरा गुरांचा जीव वाचला होता, आणि तो मी वाचवला नव्हता, एवढं एका गाईला कळत होतं. मी म्हटलं, ‘मावशी, त्या दिवशी मी आले नव्हते. यादीवर खोट्या खुणा केल्या आणि खालूनच परत गेले.’

येसाबाई तोंडाला पदर लावून हसल्या.

‘म्हातारीची थट्टा करता व्हय? मग टोचलं कुणी? म्या काय आंधळी हाय?’

मी दुसऱ्यांदा सांगू शकले असते. फोनमधली वेळ दाखवू शकले असते, देवाची शपथ घालू शकले असते. मी यातलं काहीच केलं नाही, कारण आतून बरं वाटलं होतं... सुटले असं वाटलं होतं. हे लिहितानाही कान तापलेत.

निघताना त्यांनी मला पाटावर बसवलं. सुनेनं कुंकू लावलं, खण आणि नारळानं ओटी भरली. शेजारच्या दोघी बायका येऊन पाया पडल्या, आईच्या वयाच्या. आणि मी ओढणी पसरून सगळं घेतलं. गोठ्यातून कपिली बघत होती.

पलीकडच्या खोऱ्यात पुढे बरीच गुरं गेली. टेपावरचं एकही नाही. दोन महिने संपल्यावर साहेबांनी दाखला दिला, त्यात ‘दुर्गम वस्त्यांवर स्वतः जाऊन काम केले’ असं मुद्दाम लिहिलंय. मी तो अर्जाला अजून जोडलेला नाही, आणि फाडलेलाही नाही. सील न फोडलेली कुपी लोणच्यामागे तशीच आहे. मी जी लस नेलीच नाही, ती अठरा जनावरांना कुठून मिळाली, हे इथल्या जाणकारांपैकी कुणाला सांगता आलं तर सांगा. कोण आली होती, हे मात्र विचारायची मला हिंमत नाही. ती माझं काम करून गेली आणि माझ्या वतीनं माफीही मागून गेली.

येसाबाई महिन्या-दोन महिन्यांनी फोन करतात. गुरं बरी आहेत म्हणून सांगतात. शेवटी न चुकता म्हणतात, ‘तुमच्या हाताला लई गुण हाय, बाई.’

मी म्हणते, ‘हो मावशी.’