ओळखीच्या खुणांचा रकाना

नोकरीतली पुष्कळ प्रकरणं आता माझ्या डोक्यात एकमेकांत मिसळून गेली आहेत. कोणत्या खुनातला साक्षीदार कोणता आणि सागाच्या चोरीतला ट्रक कुठला पकडला, विचाराल तर मला सांगता येणार नाही. हे एक प्रकरण मात्र जसंच्या तसं आठवतं. त्यात खून नाही, दरोडा नाही. एक बाई तीनदा हरवली आणि त्यातल्या दोन वेळा मी तिला शोधून दिली. त्या दोन वेळांची मला आजही लाज वाटते.

तेव्हा मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या खाणपट्ट्यात ठाणेदार होतो. सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी बोटानं नाव लिहावं, एवढी तिथं कोळशाची धूळ. खाणीच्या क्वार्टरांची वसाहत आमच्याच हद्दीत होती. तिथला एक सुपरवायझर एक दिवस ठाण्यात आला. बायको घरातून निघून गेली, मिसिंग दाखल करा, म्हणाला. इस्त्रीचा शर्ट, बोलणं नम्र, सोबत फोटो आणि आधार कार्डाची झेरॉक्स. आमच्याकडे येणारी माणसं अर्धं सांगतात आणि अर्धं रडतात. हा पठ्ठ्या कागद लावून आला होता. माझा स्टाफ तर त्याच्यावर खूशच झाला.

हरवलेल्या माणसाचा फॉर्म भरताना उंची, रंग, बांधा, अंगावरचे कपडे असे रकाने असतात. त्यातच एक रकाना ओळखीच्या खुणांचा. एखाद्याच्या हनुवटीवर तीळ असतो, एखादीच्या हातावर गोंदण. नवरा सांगत गेला, मुन्शी लिहीत गेला, खाली मी सही केली. दुसऱ्या दिवशी ती चिमूरच्या बस स्टँडवर मिळाली. माहेर तिकडचंच होतं. पण माहेरच्यांनीही समजूत घालून तिला परतीच्या गाडीला आणून बसवलं होतं. आम्ही तिला ठाण्यात आणलं, नवऱ्याला बोलावलं आणि तो शेजारच्या खुर्चीवर बसलेला असताना मी तिला विचारलं, "काय बाई, काही त्रास आहे का घरी?"

तिनं आधी त्याच्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "नाई साहेब."

मिळून आली, पतीच्या ताब्यात दिली. एवढी नोंद केली की मिसिंग बंद. नवऱ्यानं सगळ्या ठाण्याला समोसे खाऊ घातले आणि आम्ही ते खाल्ले.

सात-आठ महिन्यांनी ती पुन्हा गेली. या वेळी गडचिरोलीच्या बस स्टँडवर सापडली. मी मीटिंगसाठी तिथंच होतो, म्हणून तिथल्या एका महिला हवालदाराला सोबत घेऊन माझ्याच गाडीतून तिला परत आणली. रस्ताभर मी तिला उपदेश केला. संसारात थोडं सोसावं लागतं, नवरा चांगला कमावता आहे, दारू पीत नाही, अजून काय पाहिजे? ती मागच्या सीटवर गप्प बसून होती. मला वाटलं, पटतंय तिला. पुन्हा तीच नोंद, पुन्हा माझी सही.

तिसऱ्यांदा नवरा आला तेव्हा मी वैतागलोच. म्हटलं, ही बाई काही सुधारत नाही. फॉर्म भरला, वायरलेसवरून सगळ्या ठाण्यांना मेसेज दिला.

त्याच दिवशी दुपारी चाची आली. चाची म्हणजे त्या वसाहतीत दारोदार फिरून बांगड्या भरणारी मुसलमान बाई. साठीची असेल. बांगड्यांची पेटी तिनं माझ्या टेबलाशेजारी ठेवली आणि खुर्ची दिली तरी बसेना.

"साहेब, ते सुपरवायझरची बाई कुठी आहे, मले माहीत आहे," ती म्हणाली. "पण तुम्ही तिले फिरून त्याच्या हवाली करसान, तर मी नाई सांगत."

माझा पारा चढला. "चाची, पोलिसांपासून माहिती लपवता? आत टाकीन!"

"टाका ना. घरी सांगूनच आली मी," चाची म्हणाली. "पण आधी ऐका. मी दर पंधरा दिवसाले तिच्या हातात बांगड्या भरतो. इतक्या बांगड्या कोणाच्या फुटते का, साहेब? मनगटावर बोटाचे निळे डाग राहते. पहिले तिले सवा दोनची बांगडी आरामात जात होती. आता डाव्या हातात अडीचची बी जात नाई. अंगठ्यापाशी हड्डी वर आली आहे. मी हात दाबतो, तर ते ओरडत नाई, नुसते डोळे मिटते. मी पुसलं, काऊन वो बाई? तर म्हणे, पडली."

अंगठ्याजवळचं हाड हे मी सकाळीच कुठंतरी वाचलं होतं. मुन्शीला म्हटलं, फॉर्म आण. आणि आधीचे दोन्हीही आण.

तिन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. पहिल्या फॉर्मवर, ओळखीच्या खुणा : काही नाही. दुसऱ्यावर, कपाळावर उजवीकडे टाक्यांची खूण. तिसऱ्यावर तीच टाक्यांची खूण, आणि डाव्या हाताच्या अंगठ्याजवळ हाड वर आलेले. मधे सव्वा वर्ष गेलं होतं. आपण काय काय केलं, हे नवरा माझ्याच ठाण्यात बसून स्वतःच्या तोंडानं सांगत होता आणि मी खाली सही ठोकत होतो! वीस वर्षं मी लोकांच्या चेहऱ्यावरून चोर ओळखतो म्हणून मिरवत होतो.

"चाची," मी म्हटलं, "तिला मी कोणाच्या ताब्यात देणार नाही. माझा शब्द."

चाचीनं माझ्याकडे नीट पाहून घेतलं आणि मग खुर्चीवर बसली. बाई तिच्याच घरी होती.

आमच्या ठाण्यातल्या महिला हवालदार बाईंना आणि मला साध्या कपड्यांत चाचीनं मागच्या गल्लीनं नेलं. मला दारात पाहिल्याबरोबर ती बाई उठली आणि कोपऱ्यातली पिशवी उचलून चपला शोधू लागली. तिला वाटलं, परत निघायचं. कोणी न सांगता, न रडता ती तयार झाली होती.

हवालदार बाईंनी तिला खाली बसवलं. म्हणाल्या, "चप्पल राहू दे, बाई. तुले कुठी जायचं आहे, ते तू सांग. तू सज्ञान आहेस. तुले जबरदस्तीनं कोणी नेऊ शकत नाई, हे साहेबही नाई."

तिनं पिशवी खाली ठेवली. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "साहेब, त्या टायमाले मी गडचिरोलीवरून तुमच्याच गाडीत होती. तुम्ही एकदा मागं पाहसान, म्हणून मी वाट पाहून राह्यली होती. तुम्ही समोरच पाहून बोलत होते."

मी तिची माफी मागितली. ठाणेदारानं असं करायचं नसतं म्हणतात, मी केलं. तिनं माफ केलं म्हणावं, अशी माझी अपेक्षा नव्हती. नंतर मी बाहेर जाऊन ओट्यावर बसलो आणि हवालदार बाईंनी तिचा जबाब घेतला. दोन तास लागले. नवरा दारू पीत नव्हता हे खरंच होतं. शुद्धीत राहून मारत होता.

तिची वैद्यकीय तपासणी झाली. एक्स-रेत दिसलं की हाड मोडून, प्लास्टर न होता, तसंच वाकडं जुळलं होतं. मग नवऱ्याला बोलावलं. तो नेहमीसारखा हसतमुख आला. "मिळाली का साहेब?"

"मिळाली. बसा. अंगठ्याजवळची खूण कशाची?"

"पडली साहेब. तिले चक्कर येते."

"कोणत्या डॉक्टरला दाखवलं?"

त्यानं शर्टाची बाही सारखी केली.

"कपाळाला टाके पडले तेव्हा दवाखान्यात नेलं. हाड मोडलं तेव्हा का नाही नेलं? डॉक्टर विचारू लागला होता का?"

त्याचं हसू गेलं. "साहेब, हा आमच्या घरातला मामला आहे. मागच्या दोन्ही बारीले तर तुम्हीच तिले समजावून आणून दिली!"

मी गुन्हा नोंदवला आणि त्याला अटक केली. मिसिंगच्या कागदावर लिहिलं : स्वखुशीने घर सोडले आहे, पतीस पत्ता देण्यास नकार.

त्याच्या बाजूनं बरेच फोन आले. वसाहतीतली माणसं म्हणाली, इतका सज्जन माणूस! भिंतीला भिंत लागून राहणारे म्हणाले, आम्ही काही ऐकलं नाही. जबाब द्यायला उभी राहिली ती एकटी चाची, आणि कोर्टातही हजर झाली. जिल्ह्याच्या संरक्षण अधिकारी बाईंनी कोर्टातून संरक्षणाचा आदेश मिळवला, महिलांच्या मदत केंद्रात त्या बाईची राहायची सोय केली आणि फुकट वकील मिळवून दिला. ही सगळी व्यवस्था आमच्या ठाण्यापासून तासाभराच्या अंतरावर आधीपासून होती. मी तिकडे कधी फोनच केला नव्हता. खालच्या कोर्टात नवऱ्याला शिक्षा झाली, पुढं अपील झालं. तोवर माझी बदली झाली होती.

त्यानंतर घर सोडून गेलेली कोणतीही बाई सापडली, की मी तिच्या माणसांना बाहेर बसवत असे आणि महिला कर्मचाऱ्याला आत. स्वतःचं वय सांगतानासुद्धा जी नवऱ्याकडे पाहते, तिला त्याच्या समोर काही विचारण्यात अर्थ नसतो. जुने कागद काढून पाहिल्याशिवाय मी सही केली नाही. वाचकांपैकी कोणाच्या शेजारी अशी बाई असेल, तर ती एकटी असताना तिला विचारा, आणि पहिल्यांदा नाही म्हणाली तरी पुन्हा विचारा. बांगड्या भरणाऱ्या बाईला जे दिसतं, ते आपल्याला न दिसायला काही कारण नाही.

मागच्या वर्षी एका लग्नासाठी बायकोसोबत वडशाला गेलो होतो. आठवडी बाजारात भाजी घेताना समोर तीच तीनदा हरवलेली बाई उभी. जवळच्या एका वसतिगृहात ती स्वयंपाकाला आहे, हे नंतर तिनंच सांगितलं. आमची नजरानजर झाली आणि ती दोन पावलं मागं सरकली. हातातली पिशवी तिनं छातीशी धरली. क्षणभरच. मग तिनं मला नीट पाहिलं, हसली, "साहेब, तुम्ही का? इथी कसे?" म्हणाली, आम्हा दोघांना चहा पाजला आणि चाचीची खुशाली सांगितली. पैसे देऊ म्हटलं तर देऊ दिले नाहीत.

गाडीत बसल्यावर बायकोनं विचारलं, "चांगली बाई आहे. पण तुम्हाला पाहून आधी घाबरली काऊन?"

मी तिला सांगितलं, दोनदा तिला त्या घरी मीच नेऊन सोडलं होतं.