पंधरा वर्षांची राजमती

शाहूपुरीतल्या राजमती मगदूमचा विश्वास होता तो फक्त तराजूवर. दूधवाला माप घालायला लागला की हिचा डोळा त्याच्या अंगठ्यावर. भाजीवाली हिला लांबून येताना पाहूनच काटा पुसून ठेवी.

माहेर हुपरीचं. घरातच पैंजणांचं काम. वडील कारागिराला चांदी वजन करून द्यायचे आणि तयार पैंजण वजन करून घ्यायचे. कामात थोडी घट येते, ती सगळ्यांना ठाऊक. पण एखाद्यानं पुरत्या वजनाचा माल परत आणला, की वडील खूश व्हायच्या ऐवजी भुवया उंचावायचे. घट नाही म्हणजे भेसळ असणार! अशा घरात वाढलेली बाई सासरी येऊन माणसंही जोखूनच घेणार. नवरा अभिनंदन, शिरोलीच्या एमआयडीसीतल्या कारखान्यांना सुटे भाग पुरवणारा मवाळ माणूस. तो घरी आला की आधी त्याचा चेहरा तपासला जाई, मग चहा मिळे. बिचाऱ्याला सवय झाली होती.

एकुलती एक लेक स्नेहल दहावीत गेली आणि राजमतीच्या डोळ्यांना भरपूर काम मिळालं. पोरगी सदानकदा मोबाईलमध्ये, रील बघून एकटीच हसत बसलेली. कुणाला बघून हसते? तिकडं कोण कोण असतं? राजमतीला घास गोड लागेना. तिथं कोणीतरी खोट्या नावाचा माणूस बसला असेल आणि तो आपल्या पोरीला बोलण्यात गुंडाळेल, ही तिची खरी भीती. आणि भीती काही खोटी नव्हती.

यंदा चातुर्मासाला जैन मुनिमहाराजांचा मुक्काम इथंच होता. महिला मंडळात विषय निघाला. परदेशात कुठल्याशा सरकारनं सोळाच्या खालच्या पोरांना सोशल मीडियाची बंदी केली, हे सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलेलं.

"सरकार करंल तवा करंल," राजमती म्हणाली, "आपण नियम देऊया की!"

चातुर्मासाचा नियम म्हणून कुणी बटाटा सोडतं, कुणी रात्रीचं जेवण सोडतं. तसं पोरांनी सोळा पुरी होईपर्यंत हे रीलचं ॲप सोडायचं. बायकांना पटलं. प्रवचनानंतर पोरं महाराजांसमोर ओळीनं उभी राहिली. स्नेहलनं एकदा आईकडं पाहिलं, हात जोडले आणि नियम घेतला. घरी येऊन तिनं आईच्या देखत अकाउंट काढून टाकलं.

"नियम ज्याचा त्यानं घ्यायचा असतोय," अभिनंदन जेवताना म्हणाला. "दुसऱ्यानं गळ्यात अडकवला तर तो किती टिकायचा?"

"तुम्ही गप जेवा."

पण शंका त्यानं पेरलीच होती. स्नेहल आंघोळीला गेली की राजमती तिचा मोबाईल उचले. काही सापडत नसे. उशीखाली, दप्तरात, कपाटात कुठंच काही नाही. दुसरी आई निवांत झाली असती. राजमतीला वडिलांच्या भुवया आठवल्या. इतकं साफ? एवढुशीसुद्धा घट नाही? म्हणजे पोरीनं दुसऱ्या नावानं अकाउंट उघडलं असणार.

ते शोधायचं तर आपण आत शिरायला हवं. दुपारी घरात कोणी नसताना तिनं स्वतःच्या मोबाईलवर तेच ॲप घेतलं. त्यानं जन्मतारीख विचारली. त्रेचाळीस वर्षांच्या बाईला पोरी दारात तरी उभं करतील का? तिनं बोटानं वर्षं पुढं ढकलली आणि पंधरा वर्षांची झाली. कोणी हटकलं नाही. नाव घेतलं भैरवी, फोटोला दारातली जास्वंद.

इथं तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी त्रेचाळीसची पंधराची झाले, तर पंधराच्या पोरीला त्रेचाळीसची व्हायला कितीसा वेळ? असल्या बंदीला काय चाटायचंय! शहाण्या बाईनं इथंच हसून मोबाईल खाली ठेवला असता. राजमतीचा संशय उलट दुप्पट झाला.

तिनं स्नेहलच्या वर्गातल्या मैथिलीला गाठलं. पोरीनं जास्वंदीला लगेच मैत्रीण करून घेतलं.

"स्नेहलचं नवं अकाउंट कुठलं गं?" भैरवीनं विचारलं.

"तिचं न्हाई आता. नियम घेतलाय तिनं."

"खोटं. क्लासला कुणाचा मोबाईल बघती? क्लास सुटल्यावर कुणासंगं जाती? कुठल्या रस्त्यानं?"

"तू कोण?" मैथिलीनं विचारलं, आणि पुढं उत्तरं देणंच बंद केलं. झाकतात एकमेकींचं, राजमती मनाशी म्हणाली.

आणि मग खरोखरच स्नेहल बदलली. क्लासहून उशिरा यायला लागली. बाहेर पडण्याआधी गॅलरीतून खालचा रस्ता बघायची. बेल वाजली की दचकायची. उशीर का झाला, तर म्हणे सर सोडत नाहीत. राजमतीनं सरांना फोन लावला. पोरी वेळेवर सुटत होत्या. त्या दिवशी राजमतीला आतून बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. आपला संशय खरा ठरायला लागला की त्याची एक वेगळीच गोडी लागते, मग तो पोटच्या पोरीवरचा का असेना. तिनं स्नेहलला काही म्हटलं नाही. मुद्देमालासकट धरायची होती.

पर्युषण संपलं, क्षमावाणीचा दिवस आला. या दिवशी लहानथोर एकमेकांना हात जोडतात, कळत नकळत दुखावलं असेल त्याची माफी मागतात. सकाळपासून दारात 'उत्तम क्षमा' चाललं होतं. राजमतीचे अख्ख्या गल्लीला हात जोडून झाले होते. त्याला काही लागत नाही.

स्नेहल स्वयंपाकघरात आली, आईच्या पाया पडली. "मम्मी, माझं काय चुकलं असंल तर क्षमा कर."

दरवर्षीचंच वाक्य. पण राजमतीचं लाटणं थांबलं. "काय चुकलंय ते सांग."

"अगं, असं कोण इचारतंय व्हय?" दारातून अभिनंदन म्हणाला.

"तुम्ही थांबा. बोल स्नेहल. क्लास वेळेवर सुटतोय. कुठं असतीस?"

स्नेहलचे डोळे भरले. "मी खोटं बोललो, मम्मी. मी स्टेशन रोडनं वळसा घालून येतो."

"कुणासाठी?"

"कोणतरी माझ्या मागावर हाय." पोरगी हुंदके द्यायला लागली. "खोट्या नावाचं अकाउंट हाय. मैथिलीला माझं इचारतंय. क्लास सुटल्यावर कुणासंगं जाती, कुठल्या रस्त्यानं जाती. मैथिली म्हणती, कोणतरी बाप्या असणार. तुला सांगितलं असतं तर तू क्लास बंद केला असतास, म्हणून बोललो न्हाई." तिनं ओढणीनं नाक पुसलं. "तू नियम दिलास ते बरं झालं, मम्मी. तिथं असली माणसं असत्यात."

राजमती ओट्याला टेकली. रोज संध्याकाळी आपली पोरगी मागं वळून बघत, लांबच्या रस्त्यानं, जीव मुठीत धरून घरी येत होती. जिच्याकडं ती पळत यायची तिलाच घाबरून. राजमतीला इतकी लाज वाटली की अभिनंदनकडं बघवेना. गप्प बसणं सोपं होतं. अकाउंट पुसून टाकलं असतं, तर कोणाला कळणार होतं?

तिनं पिठाचे हात पदराला पुसले, कमरेचा मोबाईल काढला, ॲप उघडलं आणि पोरीच्या हातात दिला.

स्नेहलनं जास्वंदीचा फोटो पाहिला. मैथिलीला पाठवलेले प्रश्न वरपासून खालपर्यंत वाचले. रडणं थांबलं होतं.

"मीच हाय ती," राजमती म्हणाली. "क्षमा कर म्हणायला तोंड न्हाई मला."

स्नेहलनं मोबाईल ओट्यावर ठेवला. बराच वेळ ती आईच्या चेहऱ्याकडं बघत राहिली, आई रोज तिच्याकडं बघायची तशी.

"मग उद्यापासनं मी जवळच्या रस्त्यानं येऊ नव्हं?" तिनं विचारलं.