दोघांचा एक कोयता

दुष्काळात कारखान्याच्या तळावर टँकरचं पाणी यायचं. ऊसतोड्यांना दर कोयत्यामागं दोन घागरी. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटं माणूस म्हणजे अर्धा. ती यादी मी लिहायचो.

त्यांच्यातला एक वडवणीकडचा, हडकुळा. दुसऱ्या एका पुरुषाबरोबर उसाच्या पाचटानं शाकारलेल्या एकाच कोपीत राहायचा. दिवस मावळला की कोप्यांच्या मधोमध उभा राहून एचआयव्हीची गोळी सगळ्यांदेखत गिळायचा. "माझी झाली. आता ज्यानं त्यानं आपली घ्या," म्हणायचा. मग पिठाच्या डब्यांत लपवलेल्या गोळ्या हळूच बाहेर यायच्या. लोक त्याच्या मागं हसायचे, आणि बीडच्या दवाखान्यातून गोळ्या आणायलाही त्यालाच सांगायचे.

एकदा तो दोन बायकांना घेऊन आला. दोघींचे नवरे त्याच आजारानं गेलेले. एकटी बाई म्हणून मुकादम त्यांना टोळीत घेत नव्हता.

"या दोघींचा मिळून एक कोयता लिवा, सायेब."

"असं कुठं असतंय का?"

"आमचा न्हाई का लिवला तुमी?"

लिहिला होता. पण त्याच्या जोडीदाराच्या नावापुढं मी न विचारताच 'भाऊ' असं टाकलं होतं. उसाच्या पात्यांनी चिरलेलं बोट त्यानं नेमकं त्या शब्दावर ठेवलं.

"लई दिसापून सांगीन म्हणत होतो. तेवढं खोडा."

मी खोडलं. "मग काय लिहू?"

"आगुदर बायांचं लिवा," तो म्हणाला. "त्यांच्या घागरी रिकाम्या हायत. आमी कोण हाव, ते आमाला ठावं हाय."