अर्धी राहिलेली उपासना

लग्नानंतर नगर सोडून मी मुळशीतल्या माले गावी आले. यजमान तिथे शाळामास्तर. गावात ख्रिस्ती घर आमचं एकटंच. चर्च थेट पुण्यात, म्हणून रविवारी आम्ही दोघंच चटई टाकून उपासना करायचो. दोघांच्याच आवाजातलं गायन केविलवाणं वाटे आणि मला माहेर आठवे.

शेजारी एक विधवा बाई राहायची, वयानं माझ्या आईएवढी. थोडी भातशेती स्वतःच कसायची. एकदा विहिरीवर माझी कळशी तिच्या हंड्याला लागली. "शिवू नगा. तुमी किरिस्ताव," म्हणत तिनं भरलेला हंडा ओतून दिला. चार बायका बघत होत्या. माझ्या तोंडून निघून गेलं, "म्हणूनच देवानं तुमची कूस रिकामी ठेवली." ती रिकामा हंडा घेऊन निघून गेली.

पुढच्या रविवारी शुभवर्तमानातला नेमका तो भाग आला : देवापुढे अर्पण आणलं आणि आपण कुणाला दुखावल्याचं आठवलं, तर अर्पण तिथंच ठेवायचं, आधी जाऊन समेट करायचा. यजमान वाचता वाचता थांबले.

"सुरुवात तिनं केली होती," मी म्हणाले.

"हो. मी तुला उद्देशून नाही वाचलं, ओळीनं वाचतोय," ते म्हणाले. पण पुढची ओळ काही त्यांनी वाचली नाही.

मी उठले. ती खाचरात भात लावत होती. बांधावरून म्हणाले, "मावशी, माझं चुकलं. तसं बोलायला नको होतं."

तिनं मान वर केली नाही. माझाही परतायला पाय उचलेना. शेवटी नेसत्या पातळानिशी चिखलात उतरले आणि रोपांची जुडी उचलली. माझी अर्धी ओळ लावून झाली तेव्हा ती म्हणाली, "आगं, लई खोल खवतीयास." मग तशीच वाकलेली, हळू आवाजात, "दोन झाली व्हती मला. ऱ्हायली न्हाईत."

मला तिथंच रडू फुटलं. तिनं चिखलाचा हात माझ्या पाठीवर ठेवला.

विहिरीवरच्या बोलण्याबद्दल ती कधी काही म्हणाली नाही. पण मला मुलगी झाली तेव्हा माहेरून कुणी येऊ शकलं नाही, आणि सव्वा महिना बाळाला तेल लावून न्हाऊ घातलं ते तिनंच. मुलगी तीन वर्षांची झाली नि आमची बदली झाली. एस.टी. सुटेपर्यंत ती खिडकीतून मुलीचा हात धरून उभी होती.

तिला वाचता येत नव्हतं, म्हणून मी पत्र लिहिलं नाही. जाऊ जाऊ म्हणत सात वर्षं गेली. गेले तेव्हा तिच्या घरात पुतण्या राहत होता.

"काकी गेल्या साली गेली," तो म्हणाला. "पौडाची गाडी आली की इचारायची, मास्तरीणबाई उतरली का."

समेट करायला सांगितलं होतं, तो कसाबसा केला. पण त्या माणसाकडे पुन्हा जायचं राहून गेलं. अजूनही वाटतं, एक पत्र टाकलं असतं तर कुणीतरी तिला वाचून दाखवलंच असतं. आमच्या जागी नवा मास्तर तर आलाच होता.