सुनीलला हवा होता दगडी गडी

आमच्या रविवारच्या खेळातले किस्से मुद्दाम कुणी गोळा करत नाही. शर्टाच्या खिशातल्या चिठ्ठ्यांसारखे ते आपोआप साठतात. धुवायला टाकताना बघावं, तर मूठभर निघतात.

शाहूपुरीत इरफानचं वर्कशॉप आहे. फौंड्रीत ओतकामाला लागणारे लाकडी पॅटर्न तो बनवतो. रविवारी मशिनं बंद, म्हणून दुपारी तिथल्या लांब टेबलाभोवती आम्ही चौघं बसतो. इरफान गोष्ट चालवतो, बाकी तिघांनी त्यातली पात्रं व्हायचं, आणि काम जमलं की फसलं ते वीस बाजूंच्या फाशानं ठरवायचं. मी शाळेत गणित शिकवते आणि खेळात चेटकीण आहे. मुलांना सांगितलं तर म्हणतील, मग बदल काय झाला? अण्णा तहसील कार्यालयातून निवृत्त झालेत, ते खेळात साधू. सुनील मूळचा आजऱ्याचा, जेसीबी चालवतो, खेळात योद्धा.

आमच्या गोष्टीत जुन्या जादूगारांनी घडवलेले मंतरलेले पुतळे असतात. दगडाचे, लोखंडाचे, मातीचे. मंत्र म्हणून फाशावर पंधरा किंवा जास्त पडले की पुतळ्याचा ताबा मिळतो, मग तो सांगेल ते करतो. आम्ही त्याला गडी म्हणतो. सुनीलला पहिल्या दिवसापासून असला एक गडी स्वतःचा हवा होता.

"दिवसभर मशीन माझं ऐकतंय," तो म्हणाला, "पण मी चार जणांचं ऐकतोय. डावीकडं घे, उजवीकडं घे. एक तरी माझं ऐकणारा पायजे की."

दीड वर्ष त्याला तो मिळाला नाही.

*

पहिला गडी दिसला तो एका गुहेत, चांगला दोन पुरुष उंच. आम्ही सुनीलला मंत्राचा कागद दिला. त्यानं तो घडी करून खिशात घातला आणि इरफानला म्हणाला, "मी त्याच्या मागनं एक चक्कर मारतो."

"मार. मागं काय बघायचंय?"

"चावी कुठं हाय ते."

इरफाननं समजावलं की ह्याला चावी नसते, लिव्हर नसतो, मंत्र म्हणायचा असतो. सुनीलनं मान डोलावली, थोडा विचार केला आणि म्हणाला, "ते कळलं. पण डिझेल कुठनं घालत्यात?"

ह्या तपासणीत इतका वेळ गेला की गडी जागा झाला. मग घाईघाईनं टाकलेल्या फाशावर तीन पडले.

*

मला मात्र गडी लवकर मिळाला. मातीचा होता, आम्ही त्याला आमच्या गढीच्या दारावर ठेवला. जाताना मी आपली घरच्या सवयीनं म्हणाले, "कुणी आलं तर चहा घेतल्याशिवाय सोडू नकोस."

गडी हुकूम अक्षरशः पाळतात, हे मी विसरले होते. पुढच्याच रविवारी शत्रूची फौज मागं लागली. आम्ही गढीत शिरलो आणि मागच्या बाजूनं पळून जायला निघालो, तर हा मागच्या दारात येऊन आडवा. चहा घेतल्याशिवाय जायचं नाही! त्या राज्यात चहा होता कुठं? शेवटी अण्णांनी झाडपाला उकळला, आम्ही तो उभ्यानं प्यालो, तेव्हा कुठं बाजूला झाला.

"बाई," सुनील म्हणाला, "माझ्या सासुरवाडीतबी एवढा आग्रह न्हाय."

*

एकदा सुनीलला अठरा पडले. आम्ही टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात अण्णांनी हात वर केला.

"थांबा. मूळ मालक कुठं हाय?"

"जादूगार व्हय? मेला की गेल्या आठवड्यात," इरफान म्हणाला.

"मग वारस नोंद झाल्याशिवाय ताबा कसा घेता?"

"अण्णा, मंतरलेला पुतळा हाय त्यो."

"असंल. मालमत्ताच की. पंधरा दिवसांची नोटीस लावा, कुणाची हरकत आली न्हाय तर खुशाल घ्या."

अर्धा तास अण्णा हटेनात. इरफान वैतागला. त्यानं जागच्या जागी जादूगाराचा एक पुतण्या तयार केला. तो सहा घोडेस्वार घेऊन आला आणि गडी घेऊन गेला.

सुनील डोक्याला हात लावून बसला. अण्णा शांतपणे म्हणाले, "बघा. मी म्हणत हुतो का न्हाय, वारस असणार म्हणून."

*

खंडेनवमीला वर्कशॉपातले कामगार करवतीपासून पटाशीपर्यंत सगळ्या हत्यारांची पूजा करतात आणि इरफान पेढे वाटतो. त्या वर्षी सुनीलनं पूजेत फासाही ठेवला. हळद लावली, कुंकू तर मुक्तहस्तानं लावलं.

रविवारी त्यानं डोळे मिटून फासा टाकला. कुंकवानं आकडे पार बुजले होते. मला अठरा वाटले, इरफानला तेरा. अण्णा म्हणाले, "वाद कशाला?" आणि फासा उचलून रुमालानं स्वच्छ पुसला.

मग आमच्याकडं बघून विचारलं, "कुठली बाजू वर हुती?"

*

मग सुनीलला कारवारकडं रस्त्याचं काम लागलं. वर्षभर तरी येणं होणार नव्हतं. सोमवारी निघायचं, म्हणजे हा शेवटचा रविवार. फाशाला हात लागायला नको म्हणून अण्णा दोन्ही हात खिशात घालून बसले होते.

इरफाननं त्या दिवसासाठी सागवानाच्या तुकड्यातून वीतभर उंचीचा गडी कोरून आणला होता. गोष्टीत डोंगरातल्या एका बंद दारापुढं त्यानं तो दगडी गडी म्हणून उभा केला. मागून शत्रू येत होता. सुनीलनं मंत्र म्हटला, फासा टाकला. सतरा.

इरफाननं फासा दोनदा बघितला.

"तीनशे वर्षं ह्यो ह्या दारात उभा हाय," तो म्हणाला. "आजपासनं तुझा. बोल, हुकूम काय?"

"दार फोडायला सांग," अण्णा म्हणाले.

"आधी मागं वळव," मी म्हणाले. "शत्रू अंगावर आलाय."

"दार फुटलं की सुटलो की!"

"नाही, मागं, मागं!"

सुनीलनं हातानंच आम्हाला गप्प केलं. मग तो त्या लाकडी गड्यापुढं वाकला.

"बस खाली," तो गड्याला म्हणाला. "तीनशे वर्षं उभा हायस. बस की जरा."

इरफाननं विचारलं, "शत्रू अगदी मागं आलाय, सुन्या. दुसरा काय हुकूम?"

"दुसरा न्हाय," सुनील म्हणाला. "तंबाखू खातो काय, तेवढं इचार त्याला."