पालीची माहिती

ट्यूबलाइटखाली पाल होती आणि पालीखाली वही घेऊन माझी लेक. रेवा तिसरीत आहे. एखाद्या गोष्टीची माहिती कशी लिहायची, ते मी तिला घरीच शिकवते. नियम एकच सांगितला होता, "जे दिसेल तेवढंच लिही. 'मला वाटतं' नको, आणि 'जणू' तर नकोच."

अर्ध्या तासानं तिनं वही माझ्यापुढे धरली. तिसरंच वाक्य होतं, "पाल हलत नाही तेव्हा ती काम करत असते."

माझ्या पोटात दुखलं. खोटं कशाला बोलू? इतकी वर्षं मी लिहितेय, चार लोक वाचतातही. पण मी हीच पाल लिहिली असती, तर तिला तपस्विनी केलं असतं, भिंतीचं आयुष्य केलं असतं आणि ती ज्याच्यासाठी दबा धरून बसते, त्या किड्याचा पत्ताच नसता. हिनं नुसतं बघितलं. असं बघणं माझ्याकडे कधी होतं का? की 'जणू'च्या नादात मीच ते घालवलं?

मी लाल पेन घेतलं. शिकवायला नव्हे, चूक सापडावी म्हणून. आणि सापडली! "पाल भितीवर राहते."

"भिंतीवरचा अनुस्वार कुठे गेला?" मी जरा जास्तच जोरात विचारलं.

"राहिला," ती म्हणाली. "बाकी बरोबर आहे?"

"आहे."

ती उड्या मारत खेळायला गेली. पाल तिथंच होती, काम करत. त्या अख्ख्या पानात माझं म्हणावं असं एकच आहे, 'भि'वरचं ते लाल टिंब.