‘फुटून राहिली’ आणि ‘फुटायची राहिली’

श्री. दौलतराव लांजेवार यांची आणि माझी पहिली ओळख झाली ती नुसत्या आवाजाने. भंडाऱ्याच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये मी ऑपरेटर म्हणून लागले त्याच आठवड्यातली गोष्ट. अड्याळच्या पलीकडल्या एका छोट्या एक्स्चेंजवरून ते नागपूरचा जोड मागत होते आणि मी घाईघाईत तुमसर लावून दिले. आता बोलणी बसणार असे वाटले, तर पलीकडून हसण्याचा आवाज आला. “नवीन दिसता ताई. घाबरू नका. चुकीचा नंबर लागला तर मानूस रागावते, मरत नाई.” पुढे चार वर्षे आम्ही दिवसातून दहा-बारा वेळा बोललो आणि एकदाही एकमेकांना पाहिले नाही.

आज त्यांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत आणि त्यांच्या सत्कारासाठी हा ग्रंथ निघतो आहे, याचा मला मनापासून आनंद आहे. पण लेख मागताना संपादक मंडळाने पत्रात एक सूचना केली आहे. त्यांच्यावर झालेल्या खात्याच्या चौकशीचा विषय शक्यतो टाळावा, प्रसंग मंगल आहे. मंडळातील सर्वांचा मी आदर करते. तरीही हा विषय मी टाळणार नाही. दौलतरावांच्या नोकरीतला सर्वांत मोठा दिवस वगळून त्यांचा गौरव करायचा असेल, तर त्यापेक्षा शाल आणि नारळ देऊन मोकळे व्हावे.

आधी त्यांच्या कामाविषयी सांगते. त्यांचे एक्स्चेंज म्हणजे एक खोली, एक बोर्ड आणि मोजके टेलिफोन. गावातले लोक ट्रंक कॉल बुक करून तासन्‌तास थांबत. त्यांना उभे राहावे लागू नये म्हणून दौलतरावांनी घरची बाज आणून बाहेर टाकली होती. एकोडीहून लेकीकडे आलेल्या एका म्हातारीचा मुलगा सैन्यात होता. त्याचा कॉल आला, तेव्हा बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा रिसीव्हर कानाला लावला आणि त्या नुसत्या रडत राहिल्या. तीन मिनिटे संपली. आता कापतो असे सांगायचा नियम होता. दौलतराव मला म्हणाले, “ताई, लाइन खराब होती असं लिवा. मायनं अजून एक शब्द नाई बोलला.” मी तसे लिहिले. मग त्या माउली बोलल्या. काय बोलल्या ते मला ठाऊक आहे, पण इथे लिहिणार नाही. ते त्या दोघांचे आहे.

नियम मोडणारे गृहस्थ म्हणून त्यांची प्रतिमा पुढे रंगवली गेली, म्हणून हेही सांगितले पाहिजे. गावातल्या एका वजनदार पुढाऱ्यांनी दुसऱ्याच्या कॉलवर काय बोलणे झाले ते विचारले, तेव्हा दौलतरावांनी त्यांना त्याच बाजेवरून उठवून घरी पाठवले होते. कानावर पडलेले पोटात ठेवणे ही त्यांची रीत होती. गावातली लग्ने कशी जुळली, कुणाची भांडणे कुठे मिटली, सारे त्यांना माहीत असे आणि ते कुणालाही कळत नसे.

आता त्या दिवसाबद्दल. सत्तरच्या दशकाच्या मध्यावरचा पोळ्याचा सण. तीन दिवस पाऊस खळला नव्हता आणि दुपारी जरा उघडीप मिळाली होती. दौलतरावांच्या गावाजवळ मोठा तलाव आहे आणि त्याच्या पाळीखाली, म्हणजे मातीच्या बांधाखाली, उताराला दुसरे गाव आहे. त्या खालच्या गावात तोरण बांधले होते, बैलांच्या जोड्या उभ्या होत्या, बायकापोरे सजून आली होती. त्याच वेळी वरच्या गावचे कोतवाल चिखलाने भरलेले एक्स्चेंजमध्ये धावत आले. त्यांना जिल्ह्याच्या कचेरीशी बोलायचे होते. दौलतरावांनी मला जोड मागितला, मी दिला. कचेरीत त्या दिवशी देशावरून नुकतेच बदलून आलेले एक साहेब होते.

कोतवाल ओरडले, “साहेब, तलावाची पाळ फुटून राहिली जी! लवकर मानसं धाडा!”

साहेब म्हणाले, “फुटायची राहिली ना? मग एवढं ओरडता कशाला?”

“नाई जी! फुटून राहिली!”

“तेच म्हणतो मी. राहिली ना? छान झालं. लक्ष ठेवा.” आणि कारकुनाला सांगताना ऐकू आले, “लिहा, पाळ फुटायची राहिली, काळजीचे कारण नाही.”

आमच्या झाडीपट्टीत ‘फुटून राहिली’ म्हणजे या घडीला फुटते आहे. शेंबडे पोरही हे सांगेल. साहेबांना ते ठाऊक नव्हते याचा मला राग नाही. नवा माणूस चुकतो, मीही नागपूरऐवजी तुमसर लावले होते. राग आहे तो पुढच्या गोष्टीचा.

ऑपरेटरने जोड दिल्यावर संभाषण ऐकू नये आणि त्यात कधीही बोलू नये, हा आमच्या नोकरीतला सर्वांत कडक नियम. दौलतराव बोलले. “साहेब, गलत समजले तुम्ही. पाळ आता फुटत आहे. खाली पोळा भरला आहे, अख्खं गाव तोरनाखाली उभं आहे.”

“कोण बोलतंय? चोरून ऐकता? नाव सांगा तुमचं!”

“दौलत लांजेवार, ऑपरेटर. नाव लिवा जी, पन मानसं धाडा.”

साहेबांनी नाव लिहून घेतले आणि फोन ठेवला. माणसे पाठवली नाहीत.

खालच्या गावात एकच टेलिफोन होता, राइस मिलमध्ये. दौलतरावांनी कुणाचीही परवानगी न घेता तिथे घंटी वाजवली आणि मिलचा भोंगा सुरू करायला लावला. सणाच्या दिवशी भोंगा वाजला म्हणून लोक आधी चिडले, मग मिलमालकांनी तोरणाखाली जाऊन सांगितल्यावर टेकाडाकडे धावले. अर्ध्या तासात पाळ गेली. नुकताच लावलेला धानाचा रोवणा वाहून गेला, मातीची घरे बसली, काही बैल गेले. माणूस एकही गेला नाही.

यानंतर काय व्हायला हवे होते, ते कुणीही सांगेल. झाले ते असे. गाव वेळेवर रिकामे झाले म्हणून कचेरीची, पर्यायाने त्या साहेबांची वाहवा झाली आणि दौलतरावांच्या हाती आरोपपत्र पडले. संभाषण चोरून ऐकले, सरकारी बोलण्यात अडथळा आणला, घबराट पसरवली. चौकशीत साहेबांनी सांगितले, कोतवालांनी ‘फुटायची राहिली’ असेच म्हटले होते, ऑपरेटरच्या बडबडीने गोंधळ झाला. कोतवालांनी शपथेवर आपले शब्द सांगितले. तो अंगठेबहाद्दर माणूस, त्याला व्याकरण काय कळणार, असे म्हणून ते शब्द फेटाळले. ज्यांना त्या भाषेचा एक शब्द कळत नव्हता, ते तिच्या व्याकरणाचे परीक्षक झाले!

दौलतरावांची बढती कायमची अडकली, सेवापुस्तकात ताशेरे आले आणि साकोलीकडच्या एका कोपऱ्यातल्या एक्स्चेंजवर बदली झाली. बदलीवर जाताना ते भंडाऱ्याला आले, तेव्हा मी त्यांना पहिल्यांदा पाहिले. आवाजावरून मी धिप्पाड गृहस्थ कल्पिले होते. समोर किडकिडीत, चष्मा सावरणारे गृहस्थ उभे होते. मला मान वर करवेना. ते म्हणाले, “ताई, कायले मनाले लावून घेता? तुमची नोकरी गेली असती तं तुमच्या मायले कोन पाहिलं असतं? मीच म्हनलं होतं ना, तुम्ही चूप राहा.” त्यांनी खरोखरच तसा निरोप पाठवला होता. मला त्या चांगुलपणाचाही राग आला आणि अजून येतो.

आता काळ बदलला आहे. गच्चीवर अँटेना उभा केला की उपग्रहावरून आलेली दिल्ली घरात दिसते. त्यांच्या जुन्या गावी गेल्या वर्षी आपोआप नंबर लागणारे एक्स्चेंज आले. समारंभात एक मोठे अधिकारी म्हणाले की आता मधला माणूस गेला, त्यामुळे मानवी चुका टळतील. मंडपात टाळ्या पडल्या. खालच्या गावचे लोक समोरच बसले होते. ते मधल्या माणसामुळे जिवंत आहेत, हे मंचावर कुणाला आठवले नाही. नव्या यंत्रांचे मलाही कौतुक आहे. पण ‘फुटून राहिली’ हे शब्द उपग्रहावरून पाठवले, तरी पलीकडे ऐकणाऱ्याला ते कळावे लागतात. न कळल्यास विचारण्याची लाज वाटून चालत नाही.

दौलतराव स्वतः याबद्दल कधी बोलत नाहीत. निवृत्तीनंतर ते धानाच्या बांधीत रमले आहेत, नातवंडांना गणित शिकवतात, आणि रेडिओ बिघडला की लोक अजून त्यांच्याकडेच येतात. त्यांना दीर्घ आयुष्य लाभावे, गुडघ्यांनी साथ द्यावी, एवढ्यावर माझे मागणे संपत नाही. ते इतके जगावेत की त्यांच्या सेवापुस्तकातली ती नोंद खोडली गेल्याचा कागद त्यांच्याच हातात पडावा आणि तो त्यांनी चष्मा न लावता वाचावा.

त्या कागदासाठी साक्षीदार लागेल. चौकशीत मला विचारले होते, लाइनवर तुम्ही काय ऐकले? ऐकले म्हणणे हाच गुन्हा होता. मी लिहून दिले, “जोड दिल्यानंतर मी लाइनवर नव्हते.” खाली सही केली. तेवढ्या एका ओळीने कोतवाल खोटे ठरले आणि दौलतराव एकटे पडले.

मी अजून नोकरीत आहे. हा ग्रंथ खात्यातही जाईल, हे मला माहीत आहे. मी लाइनवर होते. कोतवाल ‘फुटून राहिली’ असेच म्हणाले होते, दोनदा. मी अक्षरन्‌अक्षर ऐकले आहे.